कोऱ्या पाण्याचा धडा

शून्यबाई हे कुणाचं पाळण्यातलं नाव असू शकत नाही, हे सांगायला नको. पण पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढल्यावर तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, आणि हजेरीपट काही कुणी प्रेमानं हाक मारायला उघडत नाही. साहेबांपासून फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांची ती शून्यबाई.

नावाचं मूळ तिच्या कामात होतं. रोज सकाळी साडेआठला ती एका करड्या मशीनवरचं फडकं काढायची. मशीन दिसायला शिवणयंत्राच्या पेटीसारखं, पण त्याच्या पोटात एक दिवा होता, आणि त्या दिव्याचा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही असा, जांभळ्याच्याही पलीकडचा. त्या उजेडाच्या वाटेत बोटाएवढ्या काचेच्या डबीत पाणी ठेवायचं. पाण्यात नायट्रेट असलं तर ते त्या उजेडाचा घास घेतं. नायट्रेट जास्त, तर घास मोठा. पलीकडे किती उजेड पोचला ते बघून मशीन आकडा सांगतं. नायट्रेट म्हणजे शेतातलं खत जमिनीत मुरून विहिरीत उतरतं ते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते गाळून निघत नाही आणि उकळून मरत नाही. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढे नको. मोठी माणसं ते पिऊन ढेकर देतात. तान्ह्या मुलांचं मात्र रक्त त्यानं बिघडतं आणि मूल निळं पडतं.

पण हे सगळं पुढचं. आधी धडा.

बरणी घेऊन तेल आणायला गेलं की दुकानदार आधी रिकामी बरणी तराजूत ठेवतो, दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकून काटा मधे आणतो आणि मग तेल ओततो. त्याला धडा करणं म्हणतात. मशीनचाही असाच धडा करावा लागतो. ज्यात काहीच नाही असं पाणी, म्हणजे वाफेचं थंड करून केलेलं, सीलबंद कॅनमधलं, प्रयोगशाळेच्या भाषेत ‘कोरं पाणी’, ते आधी डबीत भरून मशीनला दाखवायचं आणि सांगायचं, बाबा रे, हे शून्य. मग खरं पाणी दाखवायचं. शून्यबाई हे इतक्या भक्तीनं करायची की डबी तीनदा विसळून, मऊ कापडानं पुसून, खिडकीकडे धरून बघितल्याशिवाय बटणाला हात लावायची नाही. मग "शून्य झालं!" असं मोठ्यानं म्हणायची. खोलीत दुसरं कुणी नसलं तरी म्हणायची.

ही सवय तिनं घरीही नेली. तेल आणताना दुकानदाराला "आधी बरणीचा धडा" हे ती इतक्या कडक आवाजात सांगायची की तो बिचारा बरणीबरोबर तिचं झाकणही वेगळं तोलायचा. भाची, म्हणजे मोठ्या भावाची मुलगी, लहानपणी शाळेतून रडत आली की शून्यबाई तिला मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "आधी सगळं रडून घे. शून्यावर ये. मग सांग." भाची शून्यावर यायची आणि बहुतेक वेळा मग सांगण्यासारखं काही उरायचं नाही. आईपेक्षा ती पोर आत्याच्याच मांडीवर जास्त वाढली.

शून्यबाईचं लग्न झालं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरात मागच्या बाजूची एक खोली, खाट, पुस्तकांचं एक फळकूट आणि खिडकीत वाळत घातलेली मऊ कापडं, एवढा तिचा पसारा. स्टोअरवाले, म्हणजे खात्याचं सामानघर सांभाळणारे गृहस्थ, दर दोन दिवसांनी विचारायचे, "काय शून्यबाई, घरचा आकडा कधी वाढणार?" विनोद वीस वर्षं जुना होता आणि प्रत्येक वेळी नवा असल्यासारखे ते स्वतःच हसायचे. शून्यबाईही हसायची. न हसलं तर विनोद समजावून सांगतात, असा तिचा अनुभव होता.

दोन वर्षांपूर्वी नदीचं पाणी कमी पडायला लागलं, म्हणून खात्यानं शेतांपलीकडच्या चार विहिरी नळाला जोडल्या. नेमकं त्याच महिन्यात कोऱ्या पाण्याचे कॅन यायचे बंद झाले.

शून्यबाई सामानघराच्या खिडकीशी गेली. "कोरं पाणी संपलंय. कॅन हवेत."

"कॅन नाहीत," स्टोअरवाले म्हणाले.

"मागवा की मग."

"मागवलेत. येतील तेव्हा येतील. तोवर आपलंच घ्या. नळाचं."

"नळाच्या पाण्याची तपासणी नळाच्याच पाण्याशी ताडून कशी करणार?"

स्टोअरवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे आपलं पाणी शुद्ध नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? लिहून देता का तसं?"

तिनं लिहून दिलं नाही. एक आठवडा पदरमोड करून ती बॅटरीच्या दुकानातून तसलं कोरं पाणी घेऊन आली. त्या आठवड्यात विहिरींचं पाणी अजून पुरतं मिसळलं नव्हतं, आकडे बावीस, चोवीस असे यायचे. मग महिन्याची बैठक आली. शून्यबाई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, कारण हात असलेल्या खुर्च्या मोजक्याच होत्या आणि त्या माणसांसाठी होत्या. तिनं धीर करून कॅनचा विषय काढला. साहेब चहाचा कप हातात घेऊन दोन क्षण छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले,

"अहो, आपलं पाणी हेच कोरं पाणी!"

आधी साहेब हसले, मग खोली हसली. स्टोअरवाल्यांनी तर मांडीवर थाप मारली. आणि मग साहेबांनी शून्यबाईकडे बघितलं, तिचं खरं नाव घेतलं, हजेरीपटावरचं, पूर्ण, आणि म्हणाले, "काय, बरोबर ना? तुम्ही तर तज्ज्ञ आहात."

एकवीस वर्षांत शून्यबाईवर पुष्कळ लोक हसले होते. तिच्याबरोबर कुणी हसलं नव्हतं. ती म्हणाली, "हो साहेब, बरोबर," आणि तीही हसली, आणि यावेळचं तिचं हसू खरं होतं. पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबीत नळाचं पाणी भरलं. मशीनला सांगितलं, हे शून्य. मग त्याच नळाचं पाणी तपासायला ठेवलं. मशीन प्रामाणिक. म्हणालं, शून्य. भरल्या बरणीचाच धडा केला तर तेलाचं वजन शून्यच भरणार, त्यात मशीनचा काय दोष? आदल्या दिवशीचं पाणी बाटलीत धरून ठेवून दुसऱ्या दिवशीचं त्याच्याशी ताडलं की कधी एक यायचं, कधी दोन. एकदा तर उणे तीन आलं. ती घाबरून साहेबांकडे गेली.

"उणे?" साहेब खूश झाले. "म्हणजे शुद्धापेक्षाही शुद्ध!"

त्यांनी फाटकावर एक काळा फळा टांगायला लावला. वर रंगानं लिहिलेलं, ‘आजच्या पाण्यातील नायट्रेट’, आणि खाली खडूनं आकडा. रोज शून्य. येणारेजाणारे वाचायचे. चहावाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "आपल्या चहातलं पाणी शून्य नंबरचं आहे." शून्यबाई रोज सही करायची. शून्याखाली सही. कधीतरी, फार नाही, डबी खिडकीकडे धरून बघताना तिच्या मनात यायचं की आपण हे काय करतोय. पण डबीतलं पाणी स्वच्छ दिसायचं. नायट्रेटला रंग नसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी स्वच्छ दिसलं की बरं वाटायचं, माणसाच्या डोळ्याची रचनाच तशी.

असं दोन वर्षं चाललं. मग भाची बाळ घेऊन माहेरी आली.

बाळ दोन महिन्यांचं, गोल, सदा चिडलेलं, आणि शून्यबाईच्या मांडीवर ठेवलं की गप्प होणारं. भाचीला दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातल्या भुकटीचं वरचं दूध चालू होतं. पाण्याचं खातं अर्थातच आत्याकडे. तिनं बाटलीच्या पाण्याचा प्रश्न हसून उडवला. "दुकानातलं पाणी कशाला? आपल्या पाण्याच्या तपासणीचा कागद आहे माझ्याकडे. शून्य!" शिवाय तान्हं मूल, म्हणून ती पाणी वीस मिनिटं खळाखळा उकळायची. दूध आटतं तसं ते पाणी आटायचं, आणि त्यात जे होतं ते सगळंच्या सगळं उरलेल्या पाण्यात गोळा व्हायचं. भाची म्हणायची, "आत्या, केवढी काळजी घेतेस गं!" आणि शून्यबाई आणखी पाच मिनिटं उकळायची.

माहेरी आल्यापासून सहाव्या आठवड्यात बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले.

"शाईचं पेन चोखलं की काय रे लबाडा?" दादा, म्हणजे शून्यबाईचा मोठा भाऊ, म्हणाला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नखंही निळी झाली, तेव्हा कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होत्या आणि त्यांना बोलण्यापेक्षा बघण्याची सवय जास्त. त्यांनी बाळाची नखं बघितली, छाती ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "दूध कशात कालवता? पाणी कुठलं?"

शून्यबाई पुढे झाली. तिच्या पर्समध्ये त्या आठवड्याचा कागद होता, तो नेहमीच असायचा. "नळाचं, उकळून. हे बघा. नायट्रेट शून्य."

डॉक्टरीणबाईंनी कागद दिव्याखाली धरला. "सही कुणाची?"

"माझीच."

"मग प्रश्न मिटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कागद खणात ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं: हृदय तपासावं.

हृदय तपासायला मोठ्या इस्पितळात पाच दिवसांनी वेळ मिळाली. ते पाच दिवस बाळ कमी रडत होतं. वहिनीला वाटलं, शहाणं झालं. शून्यबाई रोज पाणी उकळत होती. हृदय तपासलं, उत्तम निघालं. भाची त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवली. आणि सकाळी बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं, मान टाकत होतं, आणि बाटली तोंडाला लावली तर ओढत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी काही न विचारता बाळाच्या टाचेतून रक्त काढलं. नळीतलं रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. त्यांनी नळी हलवली, उजेडात धरली. रंग तसाच. मग त्यांनी टेबलाच्या खणातून शून्यबाईचा कागद काढला. एका हातात नळी, एका हातात कागद.

"असं रक्त पाण्यानं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमचा कागद म्हणतो पाणी शून्य आहे. यातलं एक काहीतरी खोटं बोलतंय. माझ्याकडे यावर औषध आहे. पण कारण दुसरं निघालं तर याच औषधानं मूल जाऊ शकतं. तेव्हा विचारते, ताई, कागद खरा ना?"

भाची आत्याकडे बघत होती. तिच्या नजरेत अजून भरवसा होता. तो बघून शून्यबाईनं मान दुसरीकडे वळवली.

शेजारी सिस्टर दुसऱ्या कुणाच्या इंजेक्शनची तयारी करत होती. तिनं काचेच्या इवल्या कुपीची मान मोडली आणि त्यातलं पाणी सुईनं ओढून औषधाच्या भुकटीच्या बाटलीत सोडलं. दादाला अशा वेळी काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, "एवढंसं पाणी कुपीत कशाला भरायचं? नळाचं नाही चालत?"

"नळाचं?" सिस्टर हसली. "काका, माणूस मारायचाय का?"

शून्यबाईनं त्या कुपीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "कागद खोटा आहे."

"काय?" भाची म्हणाली.

"शून्य पाण्याचं नाही. शून्य मी केलेलं आहे. दोन वर्षं मी नळाचं पाणी नळाच्याच पाण्याशी ताडतेय." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, भाचीकडे न बघता, "मला ह्या कुप्या द्या. एक मूठभर द्या. अर्ध्या तासात खरा आकडा फोनवर सांगते."

डॉक्टरीणबाईंनी कुप्यांचा अख्खा खोका तिच्या हातात ठेवला. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

रिक्षात शून्यबाईनं खोका मांडीवर धरला होता, मूल धरावं तसा.

प्रयोगशाळेत तिनं वाटेत थांबून भरून घेतलेली घरच्या नळाची बाटली बाकावर ठेवली. कुपीची मान मोडताना पहिल्या वेळी अंगठा कापला. तिनं तो तोंडात घातला आणि डबी तीनदा विसळली. कोरं पाणी भरलं, खरं कोरं. खिडकीकडे धरलं. "शून्य झालं," म्हणाली, पण आवाज फुटला नाही. मग घरचं पाणी ठेवलं. मशीननं आकडा दिला नाही. घास एवढा मोठा होता की पलीकडे मोजण्याइतका उजेडच उरला नव्हता. तिनं एक भाग पाण्यात तीन भाग कुपीचं पाणी घालून ते पातळ केलं, पुन्हा ठेवलं, आणि आलेल्या आकड्याला चारानं गुणलं. एकशे अठरा. हे नुसतं नळाचं. उकळून आटवलेल्याचा हिशोब तिनं केला नाही. तो करायची गरज नव्हती आणि हिंमतही.

फोन डॉक्टरीणबाईंनीच उचलला.

"एकशे अठरा," शून्यबाई म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध देते." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, जणू स्वतःशीच, "गेल्या वर्षी अशीच दोन आली होती. एक तुमच्याच मागच्या गल्लीतलं. मी हृदय लिहिलं होतं."

मागच्या गल्लीतलं बाळ शून्यबाईला ठाऊक होतं. ते गेलं तेव्हा ती भेटायला गेली होती. त्या आईच्या पाठीवरून हात फिरवून तिनं, लोक म्हणतात तसं, "आपल्या हातात काय असतं" म्हटलं होतं. आणि मग आत जाऊन तिच्यासाठी नळाचं पेलाभर पाणी आणून दिलं होतं.

ती बाकाशी बसून राहिली. साहेब आले तेव्हा बाकावर मोडलेल्या कुप्यांच्या माना पसरल्या होत्या.

"हे काय मांडलंय?"

तिनं आकडा दाखवला. पाणी कसं ताडलं ते सांगितलं. दोन वर्षं कसं ताडलं तेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, आवाजसुद्धा चढवत नसत.

"नळाचं पाणी कोरं म्हणून वापरायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही, साहेब. बैठकीत."

"मी?" साहेबांनी आठवून बघितलं आणि त्यांना खरोखर आठवलं. "अहो, तो विनोद होता! सगळे हसले होते. तुम्हीसुद्धा हसला होतात." ते तिच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "विनोदाखाली दोन वर्षं सही करत होतात तुम्ही?"

याचं उत्तर दोन वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं.

जाताना ती फाटकापाशी थांबली. फळ्यावर आदल्या दिवशीचं शून्य होतं, तिच्याच अक्षरातलं. तिनं ते तळहातानं पुसलं आणि खडूनं लिहिलं: ११८. अंगठ्याचं रक्त शेवटच्या आठला लागलं.

चहावाल्यानं गाळणं खाली ठेवलं. "अरे वा! शून्यबाई! दोन वर्षं नुसतं शून्य, शून्य, शून्य, आणि आज एकदम शतक!" बाकड्यावरचे चौघं वळून बघायला लागले. एकानं टाळ्या वाजवल्या. "खातं उघडलं म्हणायचं!"

"अहो, हे वाईट आहे," ती म्हणाली. "पंचेचाळीसच्या वर वाईट. तान्ह्या मुलांना हे पाणी देऊ नका. उकळून तर मुळीच देऊ नका. सांगा सगळ्यांना."

"म्हणजे आज पाणी बिघडलंय?"

"आज नाही. दोन वर्षं असंच आहे."

चहावाल्याला हे समजायला जरा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं. "दोन वर्षं? मग ताई, तुम्ही आत काय करत होतात?"

टाळ्या वाजवणाऱ्यानं हात मांडीखाली घातले. आतून पहारेकरी ओलं फडकं घेऊन आला, तिच्याकडे न बघता फळा पुसला आणि शून्य काढलं. त्याचं शून्य तिच्यापेक्षा गोल होतं.

तिथून ती चालतच दवाखान्यात गेली. औषध निळ्या रंगाचं होतं. निळ्या मुलाला निळं औषध, हा विनोद सिस्टर नंतर कितीतरी दिवस येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. ते शिरेतून गेलं आणि तासाभरात बाळाचे ओठ गुलाबी झाले. शून्यबाई दारातून आत आली तेव्हा बाळ चिडून रडत होतं, अगदी पहिल्यासारखं. तिनं नेहमीसारखे हात पुढे केले. ते बाळ तिच्या मांडीवर गप्प व्हायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

भाचीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "नको आत्या. रडू दे त्याला."

"शून्यावर येईल आपोआप," दादा म्हणाला. सवयीनं म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. भाचीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून औषधाची चिठ्ठी वाचायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी वर लिहिलं, त्याच्याही वर लिहिलं, स्वतःची चूकही लिहिली. आणखी तीन मुलं सापडली, तिन्ही वाचली. महिन्याभरात विहिरी बंद झाल्या. म्हणजे पाण्याचं भलं झालं. चौकशी झाली. सहाशेहून जास्त शून्यांखाली एकच सही होती, त्यामुळे चौकशी लांबली नाही. साहेबांनी मोठ्या मनानं तिची नोकरी वाचवली. तिला प्रयोगशाळेतून काढून सामानघरात बसवलं, आणि प्रयोगशाळेत कुणीतरी हवंच म्हणून स्टोअरवाल्यांना तिकडे पाठवलं. दोघांनी खुर्च्या बदलल्या, एवढाच फरक.

सामानघरात पहिल्याच दिवशी मागच्या भिंतीशी शून्यबाईला कॅन दिसले. कोऱ्या पाण्याचे. सीलबंद नऊ, रिकामे कितीतरी. तिनं पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते होय? बॅटरीत घालायला. वीज गेली की साहेबांचा पंखा त्या बॅटरीवर चालतो ना! दोन वर्षांत एकदा बंद पडला नाही." शून्यबाई त्या कॅनांच्या शेजारीच टेबल लावून बसायला लागली. दुसरीकडे जागा नव्हती.

भाची बाळाला घेऊन सासरी गेली. जाताना सगळ्यांच्या पाया पडली, आत्याच्याही. वाकली, पण हात पायापासून दोन बोटं वरच थांबले. तिथून फोन यायचे, दादाला, वहिनीला. आणि एक दिवस कुणाबरोबर तरी पाण्याची बाटली आली. त्यांच्याकडच्या नळाचं पाणी. सोबत चिठ्ठी: ‘मशीनवर लावून आकडा कळवा. आत्याला लावू देऊ नका. दुसऱ्या कुणाकडून तरी.’

दादा चिठ्ठी लपवणार होता. पण बाटली तर तिच्याच हातून जायची होती, मग काय लपवणार?

शून्यबाई बाटली आणि एक सीलबंद कॅन घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी गेली. आत जायची तिला मनाई होती, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. स्टोअरवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी एकदा विसळल्यासारखं केलं, बाटलीतलं पाणी भरलं, बटण दाबलं. मग तेच पाणी पुन्हा ठेवलं.

"शून्य!" ते म्हणाले. "फर्स्ट क्लास पाणी आहे तुमच्या भाचीकडे."

"अहो, तुम्ही तिच्याच पाण्याचा धडा केलात!"

"बरं मग? शून्य आलं ना? शून्य चांगलंच ना?"

"हा कॅन घ्या. हे कोरं. हे आधी. आणि डबी तीनदा विसळा. तीनदा."

"शून्यबाई," ते हसत म्हणाले, "आता इथली शून्यबाई मी आहे."

पण माणूस वाईट नव्हता, कॅन घेतला. ती उंबऱ्यावरून सांगत गेली आणि ते करत गेले. विसळा. पुसा. खिडकीकडे धरा, डाग नाही ना? आता बटण. ते "शून्य झालं" म्हणाले नाहीत, तेव्हा ते तिनं मनातल्या मनात म्हटलं. आकडा आला अकरा. तिनं आणखी दोनदा करायला लावलं. अकरा, अकरा. चांगलं पाणी होतं. निर्धास्त बाळाला द्यावं असं.

संध्याकाळी दादानं फोन लावला. त्याला अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं बोलतो तसा करून ठेवतो. शून्यबाई भिंतीला टेकून बसली होती. फोनमधून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं दणदणीत, चिडलेलं.

"अकरा आला गं," दादा म्हणाला. "पंचेचाळीसपर्यंत चालतं म्हणे."

"कुणी तपासलं?"

"ते स्टोअरवाले असतात ना, त्यांनी."

"आत्यानं हात नाही ना लावला?"

दादानं बहिणीकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही सांग.

"नाही नाही," दादा म्हणाला. "ती दाराच्या बाहेर होती."

"मग ठीक," भाची म्हणाली, आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.